'चाल' तपासायची की 'चलनवलन'?

खानापूरकर : गावातल्या ज्येष्ठांच्या तपासणीसाठी मी एका इंग्रजी पत्रकाचे मराठी करीत आहे. खुर्चीवरून उठायचे, ३ मीटर चालून वळायचे, परत येऊन बसायचे, एवढीच चाचणी आहे; १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका वाढलेला मानतात. 'मोबिलिटी'साठी मी 'चाल' घेतला आणि फलकावर 'ज्येष्ठ महिलांची चाल तपासली जाईल' असे लिहिले, तर शेजारच्या काकू दुखावल्या, कारण त्यांच्या कानी 'चाल' म्हणजे चालचलणूक. दुसरा शब्द कोणता घ्यावा?

निपाणीकर : काकूंचे बरोबर आहे. 'चलनवलन' घ्यावा. नुसते 'चालणे' म्हटले, तर खुर्चीतून उठणे, ज्यात मांड्यांची ताकद कळते, तेच बाहेर राहते.

शहापूरकर : 'चलनवलन' पाठ्यपुस्तकात शोभेल, पण आमची आजी 'अजून हिंडतीफिरती आहे' असेच म्हणे. कन्नड शेजारी याला 'ओडाट' म्हणतात. त्यात 'ओडू' म्हणजे धावणे असले, तरी अर्थ येणे-जाणे असाच आहे. आपल्याकडे 'वावर' का नको?

निपाणीकर : आमच्याकडे वावर म्हणजे शेत. पत्रक वाचणारा शेतकरी आहे, हे विसरू नये.

चिकोडीकर : मला पत्रकातला 'प्रकृतीचे भाकीत' हा प्रयोग अधिक बोचतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात ७१ वर्षे व त्यावरील, तोवर स्वावलंबी असलेल्या माणसांचा तोल, चालणे आणि खुर्चीतून उठणे मोजले होते, आणि ज्यांचे गुण कमी होते त्यांच्यात ४ वर्षांनी परावलंबित्व अधिक आढळले. हा निष्कर्ष समूहाचा आहे. एकट्या म्हाताऱ्याला 'भाकीत' ऐकवले, तर तो अंथरूणच धरील. माझ्या वडिलांना बसस्थानकापर्यंतच्या १० मिनिटांच्या वाटेला २० मिनिटे लागू लागली, तेव्हा आम्ही वय म्हणून सोडून दिले आणि पुढे ते घरातच पडले. त्या वेळी कोणी वेळीच सावध केले असते, तर व्यायाम आणि औषधांची फेरतपासणी तरी झाली असती. 'पूर्वसूचना' म्हणावे.

शहापूरकर : त्याहून 'चाहूल' बरा. तो पावलांचा शब्द आहे, आणि मला तर तो 'चाल'वरूनच आला असावा असे वाटते.

निपाणीकर : ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. 'चाहूल' आपल्या आवडीचा असेल, पण त्यासाठी धातू जुळवू नये.

खानापूरकर : फलक उद्या रंगवायचा आहे. 'उठणे-चालणे तपासणी' एवढेच लिहितो. काकूंनाही ते पटले आहे.

चिकोडीकर : आणि 'भाकीत'?