तव्यावर पळणारा थेंब खापरावर का जिरतो? (मदत हवी आहे)

नमस्कार. आखाजीला मांडे करण्याआधी चुलीवर पालथे घातलेले खापर तापले की नाही हे पाहण्यासाठी आई त्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडते आणि ते चर्रकन आवाज करून क्षणात नाहीसे होतात. लोखंडी तवा मात्र खूप तापला, तर तेच थेंब मोत्यासारखे गोल होऊन बराच वेळ इकडून तिकडे पळत राहतात.

तव्याचे कारण मला ठाऊक आहे. योहान लायडेनफ्रॉस्ट यांनी १७५६ मध्ये वर्णन केल्याप्रमाणे, गुळगुळीत धातू साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की थेंबाखाली वाफेचा पातळ थर तयार होतो, आणि वाफ उष्णतेची मंद वाहक असल्याने थेंब लवकर आटत नाही. (कमी तापलेल्या तव्यावर तो उलट लवकर आटतो, याची मला अजूनही गंमत वाटते.)

प्रश्न खापराचा आहे. भाजलेल्या मातीच्या छिद्रांतून वाफ निसटत असल्याने थेंबाला ही गादी मिळत नाही, की मातीतून उष्णता हळू वाहत असल्याने थेंबाखालचा भाग तेवढ्यापुरता निवतो? मला पहिले कारण अधिक पटते. झिलई दिलेले मातीचे भांडे तापवून पाहणार होतो, परंतु ते तडकेल या भीतीने थांबलो. ही दोन कारणे वेगळी करून दाखवणारा एखादा सुरक्षित घरगुती प्रयोग जाणकारांनी कृपया सुचवावा.