मदत हवी आहे : जुन्या स्पेक्ट्रोमीटरवरचा फसली सन खरेदीचा की तपासणीचा?

नमस्कार मंडळी. आमच्या विद्यापीठाच्या (स्थापना १९५८) पदार्थविज्ञान प्रयोगशाळेचा इतिहास लिहितोय. कपाटात पितळी स्पेक्ट्रोमीटर (प्रकाशाच्या रेषांचे कोन मोजायचं उपकरण) आहे, कंपनीचं नाव घासून गेलेलं. तळाशी पांढऱ्या रंगात उर्दू आकडे : १३५१, पुढे 'फे' हे उर्दू अक्षर, खाली ४७.

'फे' म्हणजे फसली (हैदराबाद संस्थानात चालणारं महसुली वर्ष) धरलं तर ५९० मिळवून १९४१-४२ येतं, म्हणजे निजामाचा काळ. तेव्हा इथली कॉलेजं उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती, त्यामुळे उपकरण तिथल्याच एखाद्या कॉलेजातून आलं असावं असा अंदाज.

आमचं डेड स्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) १९६४ पासूनचं. त्यात फक्त 'स्पेक्ट्रोमीटर, १ नग, जुना' एवढंच. किंमत, पुरवठादार काही नाही. लाकडी पेटी हरवली. लेन्सच्या कड्या, लेव्हलिंग स्क्रूखालची बाजू भिंगानं पाहिली, छाप नाही. मुख्य स्केल अर्ध्या अंशाचं, व्हर्नियरचे (बारीक मापाच्या जोडपट्टीचे) ३० भाग, म्हणजे लघुत्तम माप १ मिनिट. उपकरण चालू आहे : इंचाला १५००० रेषांच्या ग्रेटिंगवर (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या रेघांच्या काचेवर) सोडियमची पिवळी रेषा पहिल्या क्रमात २०° २२′ च्या आसपास मिळते.

पितळ पॉलिश करा असं कृपया सुचवू नका. आकडे आणि स्केल दोन्ही जातील. उपकरणाची दुर्बीण उघडायलाही परवानगी नाही.

हैदराबाद संस्थानातल्या कॉलेजांची जुनी रजिस्टरं किंवा उपकरणं ज्यांनी हाताळली आहेत त्यांना विचारतो : असा रंगवलेला सन खरेदीचा असे, की वार्षिक साठा तपासणीचा? आणि खालचे ४७ म्हणजे नोंद क्रमांक की कपाटाचा?