निफाडच्या ड्रायपोर्टमधून शेतकऱ्याने नेमके काय मागावे?

द्राक्षबागायतदार, निफाड तालुका:
निफाड सहकारी साखर कारखान्याच्या सुमारे शंभर एकर जागेवर जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाच्या माध्यमातून ड्रायपोर्ट, म्हणजे समुद्रापासून दूर पण रस्ता आणि रेल्वेने बंदराशी जोडलेले मालकेंद्र, ज्याला आता मल्टिमोडल लॉजिस्टिक पार्क म्हटले जाते ते, उभारण्याचा विषय आमच्याकडे बरीच वर्षे चालू आहे. आमच्या घरचा ऊस याच कारखान्याला जात असे, त्यामुळे त्या जागेवर पुन्हा काम सुरू व्हावे अशी मनापासून इच्छा आहे. सध्या जानेवारी ते एप्रिल या हंगामात आमची द्राक्षे पॅकहाऊसमध्ये प्रीकूलिंग होऊन (म्हणजे आधी थंड करून) रीफर, म्हणजे शीत कंटेनरने रस्त्यानेच न्हावाशेवाला, म्हणजे याच प्राधिकरणाच्या मुंबईजवळच्या बंदराला, जातात आणि तेथून जहाजाने नेदरलँड्सला रवाना होतात. रेल्वेची सोय झाल्यास हे भाडे खरोखर कमी होईल का? ग्रामसभेत विषय निघाला तर आम्ही कशाचा आग्रह धरावा?

वाहतूकदार, आडगाव:
आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर, द्राक्षांपुरते तरी, बहुधा नाही असेच आहे. निफाड ते न्हावाशेवा हे अंतर साधारण सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास असल्याने संध्याकाळी निघालेली गाडी सकाळपर्यंत बंदराच्या फाटकावर उभी राहते. रेल्वेने पाठवायचे म्हटले, तर पॅकहाऊसपासून पार्कपर्यंत ट्रेलर, तेथे क्रेन, मग रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, पूर्ण भरेपर्यंत थांबणे आणि बंदरात पुन्हा क्रेन. एवढ्या कमी अंतरात हा चढउताराचा खर्च भरून निघत नाही, शिवाय रीफरला थांब्यावरही अखंड वीज लागते.

मात्र खर्चाची खरी गळती वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ती शेतकऱ्याला दिसत नाही. रिकामा कंटेनर बंदराजवळच्या यार्डातून उचलून घाट चढवून निफाडला आणावा लागतो, म्हणजे एका भरलेल्या फेरीसाठी एक रिकामी फेरी आपल्याच भाड्यात धरलेली असते. पार्कमध्ये जहाज कंपन्यांचे रिकामे कंटेनर ठेवण्याचे यार्ड, रीफरसाठी पुरेसे वीजजोड आणि सीमाशुल्क तपासणीची सोय झाली, तर रेल्वेचा एकही डबा न हलता भाड्यात फरक पडू शकेल. चालकांसाठी वाहनतळ आणि विश्रांतीची जागाही मागावी. रात्रभर घाटात गाडी चालवणाऱ्याला आंघोळीला पाणी मिळू नये, हे कोणत्याही नव्या प्रकल्पाला शोभणारे नाही.

रेल्वेच्या मालवाहतूक विभागातून निवृत्त, मनमाड:
वरील हिशेब मला मान्य आहे, परंतु रेल्वेचा विचार केवळ न्हावाशेवाच्या दिशेने होतो याचे वाईट वाटते. मुंबईच्या बाजूला थळ घाट आहे, जेथे दर ३७ मीटरला १ मीटर चढ असून कसाऱ्याहून इगतपुरीकडे येणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात, आणि उतरणाऱ्या मालगाडीला वेगाची कडक मर्यादा पाळावी लागते. पूर्वेकडे आणि उत्तरेकडे मात्र मनमाड, भुसावळमार्गे वाट मोकळी आहे. देशातील पहिली किसान रेल, म्हणजे शेतमाल नेणारी गाडी, ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारमधील दानापूरला निघाली ती याच वाटेने. हजार-दीड हजार किलोमीटरच्या पल्ल्यावर रेल्वे ट्रकपेक्षा निश्चित स्वस्त पडते. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेला ३०९ किलोमीटरचा मनमाड–इंदूर मार्ग झाला, तर माळव्याकडे जाण्यासाठी आजचा भुसावळ–खंडव्याचा वळसाही वाचेल.

साइडिंगची, म्हणजे माल भरण्यासाठी पार्कमध्ये नेलेल्या रुळांच्या फाट्याची, लांबी मात्र आराखड्यातच पाहून घ्यावी. ४५ वाघिणींचा (मालडब्यांचा) कंटेनर रेक वीस फुटी ९० कंटेनर नेतो आणि त्याची लांबी सुमारे ७०० मीटर भरते. साइडिंग आखूड असेल तर रेक तोडून दोन भागांत भरावा लागतो, त्यात वेळ जातो आणि विलंबशुल्क अखेर मालधन्यावर येते.

कांदा व्यापारी, लासलगाव:
लांब पल्ल्याच्या मुद्द्याला माझा पाठिंबा आहे, पण कांदा हा बंद डब्यात कोंडून ठेवण्याचा माल नाही. हवा खेळली नाही तर तो तापतो, सडतो आणि पोहोचल्यावर निम्मा भावही मिळत नाही. म्हणून झाकलेला फलाट, हवेशीर वाघिणी आणि भरण्यासाठी पुरेसे हमाल या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हव्यात. हमालीचे आणि वाराईचे (गाडीत माल रचण्याच्या मजुरीचे) दर आधी ठरलेले असावेत, नाहीतर पहिल्याच हंगामात वाद होऊन माल परत ट्रककडे वळेल.

दुसरे असे की, निव्वळ निर्यातीच्या भरवशावर हे केंद्र उभे करणे धोक्याचे आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली ती मे २०२४ मध्ये खुली झाली. त्या पाच महिन्यांत केवळ कांद्यावर विसंबलेला पार्क ओस पडला असता. सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखान्यांचा बारमाही माल येथे आला, तरच रेक ठरलेल्या दिवशी सुटेल आणि आमच्या हंगामी मालाला त्यात जागा मिळेल.

द्राक्षबागायतदार, निफाड तालुका:
आपणा तिघांचे आभार. मी आजवर फक्त भाड्याचा दर विचारत होतो, रिकाम्या फेरीचा विचार मनात आलाच नव्हता. ग्रामसभेत रिकाम्या कंटेनरांचे यार्ड आणि साइडिंगची लांबी हे दोन प्रश्न लेखी देणार आहे. हमालीच्या दराबाबत मागणी कोणाकडे करावी, बाजार समितीकडे की माथाडी (हमाल कामगारांच्या) मंडळाकडे?

कांदा व्यापारी, लासलगाव:
दोघांकडेही अर्ज द्या आणि दोन्ही अर्जांच्या पोच घेतलेल्या प्रती सोबत ठेवा.