दरवर्षी पेरायचंच नसेल तर समाज बदलेल का?

धागालेखक: भात, गहू, मका ही सगळी एका हंगामात मरणारी पिकं, म्हणून दरवर्षी नांगरा, पेरा, कापा, जमीन परत उघडी. चीनच्या युन्नान विद्यापीठाने आफ्रिकेतल्या रानटी बहुवार्षिक भाताशी संकर करून पीआर-२३ वाण काढला, २०१८ मध्ये तो शेतकऱ्यांपर्यंत पोचला. उसाचा खोडवा घेतात तसंच, चार वर्षांत आठ कापण्या, सरासरी हेक्टरी ६.८ टन, आणि नेहमीच्या भाताचे ६.७! फुटव्याच्या पिकाला मजुरी ५८ टक्के कमी. लावणीसाठी एकमेकांकडे राबायला जायची गरजच संपली तर गावाची वीण सैल होईल असं मला वाटतं. २०१४ मध्ये मानसशास्त्रज्ञ थॉमस टाल्हेल्म यांच्या अभ्यासात चीनच्या भातपट्ट्यातले विद्यार्थी गहूपट्ट्यातल्यांपेक्षा समूहाचा जास्त विचार करणारे दिसले होते.

प्रतिसाद १: अजिबात पटलं नाही. भातवाल्यांना बांधून ठेवतं ते पाणी, आणि पीआर-२३ लाही पाणी वाटूनच घ्यावं लागणार. समाजावरच्या राज्यसत्तेतही यामुळे काही बदलणार नाही, धान्य एकदम पिकतं, मोजता येतं, साठवता येतं म्हणून त्यावर कर बसला. मूळ जमिनीत जिवंत राहिलं म्हणून करवसुली करणाऱ्याला काय फरक पडतो?

धागालेखक: कराचा मुद्दा मान्य, हा विचारच केला नव्हता. पण वाकून वाकून लावणी करणाऱ्या बाईचे ते दिवस वाचले तर तो समाजबदल नाही का?

प्रतिसाद २: दिवस वाचले की मजुरी बुडाली, हे जमीन कोणाची त्यावर ठरणार ना! आणि पाचव्या वर्षी उत्पन्न घसरतं, परत लावावंच लागतं. कर्न्झा या गव्हासारख्या बहुवार्षिक धान्याचं बघा, अमेरिकेत कॅन्ससची लँड इन्स्टिट्यूट १९७६ पासून बहुवार्षिक शेतीच्या मागे आहे, मुळं दहा फूट खोल जातात पण दाणा बारीक आणि उतारा गव्हाच्या कितीतरी खाली. झाड ताकद मुळात घालणार की दाण्यात?

प्रतिसाद ३: हे गणित इतकं सरळ नाही हो, पीआर-२३ ने दोन्ही करून दाखवलंच की. आणि नुसता उतारा काय मोजता, दहा फूट मुळं असली की माती धुपत नाही, नत्र खाली झिरपून वाया जात नाही, ते कोण मोजणार? गव्हावर हजारो वर्षं निवड झालीय, कर्न्झावर काही दशकं. माझी खरी काळजी वेगळी आहे, चार वर्षं बियाणं विकलंच जाणार नसेल तर कुठली कंपनी यात पैसा घालेल? हे सरकारी विद्यापीठांनीच करायला हवं, युन्नानमध्ये झालं तसं.