छतावरचं सोलर: ऑन-ग्रिड, ऑफ-ग्रिड की हायब्रिड?

खानापूरकर: महिन्याला 240 युनिट लागतात, स्लॅब मोकळा आहे. पावसाळ्यात लाइट चार-चार तास जाते. कुठली सिस्टीम बसवावी?

सौरमिस्त्री: 1 किलोवॅटला दिवसाला सरासरी 4 युनिट धरा, म्हणजे 2 किलोवॅट पुरे. जागा साधारण 200 चौरस फूट, तोंड दक्षिणेला, उतार 15 अंश. पण नुसतं ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाइनला जोडलेलं, घेतलंत तर लाइट गेली की तेही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. तुम्हाला हायब्रिडच हवं, म्हणजे लाइनही आणि लाइट गेल्यावर बॅटरीही. ऑफ-ग्रिड, म्हणजे लाइनशिवाय नुसत्या बॅटरीवरचं, फक्त लाइन न पोहोचलेल्या शेतघराला.

टिळकवाडी: बॅटरीचा हिशेब असा. पंखे, दिवे, फ्रीज मिळून 400 वॅट, चार तासांना 1.6 युनिट. 12 व्होल्ट 150 एएचच्या (अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) दोन लेड-ॲसिड बॅटऱ्यांत 3.6 युनिट मावतात, पण निम्मेच वापरावेत, नाहीतर त्या लवकर बसतात. पाण्याची मोटर आणि गीझर बॅकअपवर घेऊच नका. मोटर सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो.

सौरमिस्त्री: सबसिडी केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेच्या पोर्टलवरून. 2 किलोवॅटला 60,000 रुपये, पॅनेल मात्र भारतात बनलेल्या सौर सेलचेच. नेट मीटरचा (लाइनला दिलेली आणि घेतलेली वीज मोजणारा मीटर) अर्ज हेस्कॉमकडे, म्हणजे आपल्या उत्तर कर्नाटकच्या वीज कंपनीकडे जातो. आणि नारळाची सावली आधी बघा हो! एका पॅनेलवर झावळीची सावली आली तरी अख्ख्या ओळीचं उत्पादन घटतं.