मदत हवी आहे: साताऱ्याचा १८१९ चा तह आणि युक्रेन एकाच तासाला शिकवू का?

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात अकरावी-बारावीला इतिहास शिकवते. गेल्या आठवड्यात मुलांना चार भिंती या इथल्या स्मारकावर घेऊन गेले होते. १८१९ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचं राज्य दिलं, पण परवानगीशिवाय परराज्यांशी व्यवहार करायचा नाही ही अट घातली. ती मोडल्याचा आळ घेऊन १८३९ मध्ये त्यांना गादीवरून उतरवलं आणि काशीला धाडलं. १८४८ ला राज्यच खालसा. महाराजांचे वकील रंगो बापूजी तिकडे लंडनमध्ये वर्षानुवर्षं दाद मागत राहिले. एवढं सांगून झालं, तर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, युक्रेननेपण कागदावरच विश्वास ठेवला ना?"

मला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचत बसले. ५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टमध्ये रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने युक्रेनच्या सीमांचा मान राखू असं लिहून दिलं, आणि युक्रेनने सोव्हिएत काळातली अण्वस्त्रं सोडली. २०१४ ला रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतला, २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाचं सैन्य आत शिरलं. त्या कागदाच्या इंग्रजी प्रतीत शब्द 'आश्वासन' या अर्थाचा आहे, 'हमी'चा नाही. सैन्य घेऊन मदतीला येऊ असं त्यात कुठेच नाही. मुलांना हा फरक समजावा असं फार वाटतं.

अजून एक सापडलं. १८३९ मध्येच लंडनच्या तहाने ब्रिटन, प्रशिया (नंतरच्या जर्मनीचा गाभा) वगैरे सत्तांनी बेल्जियमच्या तटस्थतेची हमी घेतली. म्हणजे तिकडे शब्द दिला त्याच वर्षी इकडे साताऱ्याची गादी काढून घेतली! १९१४ ला जर्मनी बेल्जियममध्ये घुसला आणि ब्रिटन युद्धात उतरलं. त्याच महायुद्धात आपल्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावची पोरं लढायला गेली. ही दोन १८३९ वहीत शेजारी शेजारी लिहिली तेव्हा अंगावर काटा आला.

पण तुलना ओढूनताणून होईल याची भीती वाटते. साताऱ्याचं राज्य कंपनीनेच उभं केलेलं, गावात कंपनीचा अधिकारी, रेसिडेंट, बसलेला. युक्रेन स्वतंत्र देश. १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्याला कौल दिला. शिवाय नाटो ही पाश्चात्त्य देशांची लष्करी युती पूर्वेकडे सरकत गेल्याची रशियाची तक्रार मुलं विचारणारच, तीही त्यांच्यासमोर ठेवायला हवी. वर्गातल्या एकाचा चुलतभाऊ तिकडे मेडिकलला होता, २०२२ ला कसाबसा परतला. त्याच्यासमोर हे बोलताना शब्द जपून वापरावे लागतील.

तर विचारायचंय ते असं: साताऱ्याचा तह आणि बुडापेस्टचा कागद, या दोन्हींतली मोजकी कलमं सोप्या मराठीत कुणी केली आहेत का? नसतील तर भाषांतर तपासून द्याल का? आणि सुरुवात साताऱ्यापासून करू की बुडापेस्टपासून? तास सोमवारी आहे. अकरावीच्या वर्गावर असं काही घेऊन पाहिलेल्यांनी जरूर लिहा, मुलं कुठे अडली तेही सांगा.