मदत हवी आहे: टीसीके (जेटॅगचा क्लॉक) १० मेगाहर्ट्झला नेला की जेटॅग चेन गडबडते

नमस्कार मंडळी, मी वेर्ण्याला एका छोट्या युनिटात बोर्ड टेस्टिंग बघतो, चार दिवस झाले एकाच गोष्टीवर अडकलोय. बोर्डावर तीन चिप एका जेटॅग चेनमध्ये (चिप तपासायला त्या एकामागोमाग एक जोडलेली साखळी) आहेत, पहिल्या दोन ३.३ व्होल्टच्या, शेवटची १.८ ची, तिच्यासाठी जाता-येता लेव्हल शिफ्टर (सिग्नलचं व्होल्टेज बदलणाऱ्या चिप) टाकलेत, ऑटो डायरेक्शनवाले, म्हणजे सिग्नलची दिशा स्वतःच ओळखणारे. १ मेगाहर्ट्झला तिन्ही आयडीकोड (चिपचे ओळख क्रमांक) बरोबर येतात, १० ला शेवटचा आयडी एक बिट सरकून येतो.

टीएमएस (मोड ठरवणारी लाइन) आणि टीडीआयला (डेटा आत नेणारी लाइन) १० किलोओहम पुलअप (लाइन वर धरून ठेवणारा रेझिस्टर) आहे, टीसीकेला तेवढाच पुलडाऊन (खाली धरणारा). केबल ३० सेंमी रिबन, आणि ग्राउंडची तार त्यात एकच, हे मला आधीपासूनच खटकतंय. स्कोप लावला तर शेवटच्या चिपजवळ टीसीकेच्या चढत्या कडेवर चांगलंच रिंगिंग (सिग्नल वरखाली थरथरणं) दिसतं, म्हणजे एकाच क्लॉकला चिप दोनदा मोजत असावी असं वाटतं. दुसरं म्हणजे टीडीओ (चिपमधून बाहेर येणारा डेटा) उतरत्या कडेला बदलतो आणि चेनमधला पुढचा तो चढत्या कडेला वाचतो, त्यामुळे १० ला हातात फक्त ५० नॅनोसेकंद, त्यातच शिफ्टर आणि केबलचा उशीर.

टीसीकेला सोर्सजवळ सिरीज रेझिस्टर टाकायचा तर २२ ओहम की ३३? की वेगळा बफरच लावू? आणि ऑटो डायरेक्शन शिफ्टर काढून दिशा ठरलेला लावल्यावर कोणाला फरक पडलाय का? बोर्ड पुन्हा बनवायला द्यायचेत, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.